जातिवाचक शिवी, वर्णवाचक शिवी आणि 'सगळ्यांना एकच नियम'

ठाण्यातल्या सोसायट्यांत, नवी मुंबईतल्या कॉलेजांत किंवा कंपन्यांत वागणुकीचे नियम लिहायला बसलं की एक वाद हमखास निघतो. शब्द वाईट असेल तर तो सगळ्यांनाच वर्ज्य हवा. ज्यांना तो शिवी म्हणून दिला जातो त्यांनी आपसांत वापरला तर चालतो आणि आम्ही वापरला तर गुन्हा, हे कसं?

आपल्या देशाने सरसकट नियम आधी करून पाहिला आहे. अस्पृश्यता (अपराध) अधिनियम १९५५ चा. १९७६ च्या दुरुस्तीनंतर तो नागरी हक्क संरक्षण अधिनियम झाला आणि अस्पृश्यतेच्या कारणावरून केलेला अपमानही त्यात गुन्हा ठरला. आरोपी कोणत्या जातीचा, याला त्यात महत्त्व नव्हतं. अत्याचार मात्र थांबले नाहीत. म्हणून १९८९ चा अ‍ॅट्रॉसिटी कायदा आला. त्याच्या कलम ३ ने सुरुवातीलाच स्पष्ट केलं की आरोपी अनुसूचित जाती-जमातीचा नसावा. २०१६ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने लोकांदेखत जातीवरून शिवीगाळ करणं वेगळा गुन्हा म्हणून नोंदवलं.

हा भेद मला योग्य वाटतो. गावात वरच्या जातीच्या माणसाने जातीवरून शिवी दिली की तिच्यामागे पाणी तोडण्याची, काम बंद करण्याची, वाळीत टाकण्याची ताकद उभी असते. वस्तीतल्याच दोघांच्या भांडणात ती ताकद कुणाकडेच नसते. आणि त्या दोघांना मोकळं रानही मिळत नाही: शांतताभंग होईल असा हेतुपुरस्सर अपमान पूर्वी भारतीय दंड संहितेच्या कलम ५०४ खाली येत असे, आता न्याय संहितेच्या ३५२ खाली येतो. तो सर्वांना सारखाच लागू आहे.

इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने उलट वाट धरली. २०२० मध्ये उरुग्वेच्या एडिन्सन कवानीने इन्स्टाग्रामवर मित्राला 'नेग्रितो' (स्पॅनिशमध्ये शब्दशः 'छोटा काळा') म्हणून धन्यवाद दिले. त्याच्या देशात हे लाडाचं संबोधन. तरीही तीन सामन्यांची बंदी आणि एक लाख पौंड दंड झाला. नियम सगळ्यांना एक ठेवला, आणि कोण कोणाला काय नात्याने बोललं हे मागे पडलं.

आपल्याकडची खरी अडचण वेगळी आहे. वाशीच्या सलूनमध्ये केस कापणाऱ्या नागा मुलीला गिऱ्हाईक सगळ्यांसमोर 'चिंकी' (ईशान्येकडच्या लोकांना दिसण्यावरून दिली जाणारी शिवी) म्हणालं, तर ती अनुसूचित जमातीची असल्याने अ‍ॅट्रॉसिटी कायद्याचा आधार घेऊ शकते. मूळ राज्याबाहेरही हे संरक्षण टिकतं, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने २०२३ मध्ये सांगितलं. तिच्या शेजारच्या खुर्चीपाशी उभी असलेली मणिपूरची मैतेई मुलगी तोच शब्द ऐकते. पण मैतेई अनुसूचित जमातीत नाहीत, त्यामुळे तिला तो आधार नाही. खारघरला भाड्याने राहणाऱ्या नायजेरियन तरुणाला 'काळ्या' म्हणून हाक मारली, तर त्यालाही नाही.

ही पोकळी सरकारला माहीत आहे. जानेवारी २०१४ मध्ये दिल्लीच्या लाजपतनगरात अरुणाचलच्या निदो तानियाला दिसण्यावरून हिणवलं गेलं आणि मारहाणीनंतर त्याचा मृत्यू झाला. त्यानंतर नेमलेल्या बेझबरुआ समितीने वांशिक अपमानासाठी दंड संहितेत स्वतंत्र कलमं सुचवली. १ जुलै २०२४ ला नवी न्याय संहिता लागू झाली, ती त्या कलमांशिवाय. 'सगळ्यांना एकच नियम' मागणाऱ्यांनी आधी ती कलमं मागावीत.