काळ्यातून पार जाणारा प्रकाश

मोटारीतल्या एखाद्या सेन्सरची काळ्या प्लास्टिकची छोटी डबी. झाकण आणि तळ दोन्ही सारखेच काळेकुट्ट, एकमेकांना कायमचे जोडलेले. पण कुठे स्क्रू नाही, गोंदाचा ओघळ नाही, बाहेरून वितळल्याची खूणही नाही. जोड आत आहे. लेसरचा झोत झाकणाला धक्का न लावता त्याच्या आरपार गेला आणि झाकण तळावर जिथे टेकतं, नेमकं तिथेच प्लास्टिक वितळलं.

आपल्या डोळ्यांना जे काळं दिसतं, ते सगळ्याच प्रकाशाला काळं नसतं. आपल्याला दिसतो तो साधारण ४०० ते ७०० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश. प्लास्टिक जोडायला बहुधा ८०० ते ११०० नॅनोमीटरचे, म्हणजे अवरक्त प्रकाश देणारे लेसर वापरतात. रंग न घातलेलं बहुतेक प्लास्टिक या प्रकाशाला फारसं अडवत नाही. झाकणात असा काळा रंग मिसळतात, जो दृश्य प्रकाश गिळतो पण अवरक्त प्रकाशाला वाट देतो. तळाच्या भागात मात्र कार्बन ब्लॅक असतं, म्हणजे अगदी बारीक काजळी. ती दोन्ही प्रकाश गिळते. वजनाच्या एक टक्क्याहून कमी काजळी पुरते. त्याहून खूप जास्त घातली, तर सगळी ऊर्जा अतिशय पातळ थरात अडकते आणि प्लास्टिक वितळण्याऐवजी जळू लागतं.

इथवर तापला तो फक्त तळ. झाकणातून प्रकाश नुसता निघून गेला, मग ते कसं वितळणार? तर तळाला टेकून. वितळलेल्या तळाची उष्णता स्पर्शाने झाकणात शिरते आणि त्याची आतली बाजू मऊ होते. म्हणून या कामात लेसरइतकंच महत्त्व शिकंज्याला आहे. दोन्ही भाग घट्ट दाबून धरले नाहीत आणि मध्ये केसाएवढी फट राहिली, तरी तिच्यातली हवा उष्णता अडवून धरते. तळ जळून जातो आणि झाकण थंडच राहतं. जोड फसला की आधी लेसरकडे बोट दाखवलं जातं. पण पृष्ठभागाचा सपाटपणा आणि दाब आधी तपासावा, असं मला वाटतं.

प्लास्टिक उष्णतेचं अगदी मंद वाहक आहे. तांब्यातून उष्णता त्याच्यापेक्षा हजारपट किंवा त्याहूनही जास्त सहज वाहते. इथे हा मंदपणाच कामी येतो. जोडाची रेघ वितळलेली असताना शेजारचं इलेक्ट्रॉनिक सर्किट सुरक्षित राहतं. शिवाय अल्ट्रासॉनिक वेल्डिंगमध्ये प्लास्टिक वेगवान कंपनांनी वितळवून जोडतात; तशी कंपनं या पद्धतीत नसतात.

मला यात सर्वांत सुंदर वाटतो तो पुढचा भाग. प्लास्टिक म्हणजे रेणूंच्या लांबच लांब साखळ्यांचा गुंता. ते वितळलं की साखळ्या मोकळ्या होतात आणि सापासारख्या सरपटत सीमेपलीकडे जातात. त्यांच्या या सरपटण्याचा सिद्धांत फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ पिएर-जिल द जेन यांनी १९७१ साली मांडला; १९९१ साली त्यांना भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. इकडच्या साखळ्या तिकडच्या साखळ्यांत गुंतल्या आणि थिजल्या, की दोन तुकड्यांमधली सीमाच उरत नाही. पण त्यासाठी प्लास्टिक थर्मोप्लास्टिक, म्हणजे पुन्हा वितळू शकणारं हवं आणि दोघांच्या साखळ्या एकमेकींत मिसळायला हव्यात. पॉलिथिलीन आणि पॉलिप्रोपिलीन दोन्ही फक्त कार्बन आणि हायड्रोजनची बनलेली, तरी त्यांचा जोड सहसा नीट धरत नाही.

दुधाळ दिसणाऱ्या प्लास्टिकमध्ये अडचण वेगळी. त्यातले सूक्ष्म स्फटिक प्रकाश विखुरतात. नायलॉनमध्ये मजबुतीसाठी काचेचे धागे घातले की झोत आणखी फाकतो, म्हणून झाकण पातळ ठेवावं लागतं.

आणि दोन्ही भाग पारदर्शकच हवे असतील तर? ब्रिटनमधल्या टीडब्ल्यूआय या संस्थेने त्यावर एक उपाय काढला: डोळ्याला जवळजवळ न दिसणारा, पण अवरक्त प्रकाश शोषणारा रंग फक्त जोडाच्या जागी लावायचा. दुसरा उपाय म्हणजे २००० नॅनोमीटरच्या आसपासचा लेसर. तो प्रकाश प्लास्टिक स्वतःच थोडाथोडा शोषतं, त्यामुळे काजळीही नको आणि रंगही नको. मात्र झोत भिंगाने नेमका जोडाच्या खोलीवर एकवटावा लागतो.

सेन्सरच्या डबीसारख्या कामात हलते आरसे झोताला जोडाच्या रेघेवरून इतक्या वेगाने पुन्हापुन्हा फिरवतात, की सगळी रेघ एकदमच वितळते. दाबाखाली झाकण हळूहळू खाली बसू लागतं आणि यंत्र ते बसणं मोजत राहतं. मिलिमीटरचा ठरलेला अंश भरला, की लेसर बंद होतो. शिकंजा मात्र जोड थिजेपर्यंत तसाच आवळलेला ठेवतात.