गाईच्या हृदयातलं हाड : पार्श्वभूमी

गाईच्या हृदयात खरंखुरं हाड असतं हे बऱ्याच जणांना पटत नाही, आणि पटलं तरी "वय झालं की कॅल्शियम साचतंच, तो आजारच" म्हणून विषय मिटवतात. इथेच सगळी गल्लत आहे.

जुना इतिहास थोडक्यात. ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकात एका ग्रीक तत्त्ववेत्त्याने लिहून ठेवलंय की हृदयात हाड नसतं, अपवाद फक्त घोडा आणि एका जातीचे बैल. पुढे युरोपात हरणाच्या हृदयातलं हाड औषध म्हणून कित्येक शतकं विकलं गेलं. प्राणी कापून माणसाचं शरीर समजावून सांगायची पद्धत होती, त्यामुळे माणसातही ते असणार असं लोक धरून चालायचे. १५४३ मध्ये छापलेल्या एका मोठ्या ग्रंथाने ते नाकारलं.

आता मुद्द्याचं. हृदयातून महाधमनी निघते तिथे झडपेभोवती चिवट तंतूंचं कडं असतं. झडपेच्या पाकळ्यांना आधार तर मिळतोच, शिवाय वरच्या कप्प्यांतला विजेचा संदेश भलत्या वाटेने खाली जाऊ नये म्हणूनही ते लागतं. हे कडं सगळ्याच सस्तन प्राण्यांत आहे, फरक ते कशाचं बनलंय यात. माणसात नुसते तंतू, घोड्यात आणि डुकरात कूर्चा, म्हणजे हाडाहून मऊ, लवचीक भाग (घोडा म्हातारा झाला की तिचंही हाड होऊ शकतं, म्हणजे ग्रीक निरीक्षण अगदीच चुकीचं नव्हतं), आणि गाय, म्हैस, मेंढी, हरीण यांच्यात हाड. गाईत साधारण दोन हाडं, उजवं मोठं आणि डावं लहान, डावं कधी कधी सापडतच नाही.

याला कॅल्शियम साचणं म्हणणं मला साफ चुकीचं वाटतं. साचलेला क्षार म्हणजे निर्जीव खडा, त्यात पेशी नसतात. गाईचं हे हाड पातळ कापून मायक्रोस्कोपखाली धरा, हाडाच्या जिवंत पेशी दिसतात, पोकळीत मज्जा दिसते, मांडीच्या हाडात असते तसाच प्रकार. निरोगी जनावरातही ते असतं, मग आजार कसला? पण समोरच्या बाजूकडेही दमदार पुरावा आहे हे मान्य करायला हवं, कारण माणसाच्या खराब होऊन काढलेल्या काही झडपांतही नुसता क्षार नाही तर खरं हाड मिळालंय, काहींत मज्जासुद्धा. म्हणजे "पेशी दिसल्या की निरोगी" एवढं सरळ गणित नाही, ते हाड कुठल्या प्राण्यात आणि नेमकं कुठे आहे तेही बघावं लागतं.

२०२० मध्ये हा वाद नव्याने पेटला. इंग्लंडमधल्या संशोधकांनी चिंपांझींच्या हृदयांचं बारीक सीटी स्कॅनिंग केलं आणि काहींत काही मिलिमीटरचं हाड सापडलं. ज्यांच्या हृदयाच्या स्नायूत तंतू माजले होते त्यांच्यात हाड किंवा कूर्चा असण्याचं प्रमाण जास्त होतं. लगेच काहींनी "हृदयात हाड म्हणजे आजार" असा निष्कर्ष काढून तो गाईलाही लावला, जो मला अजिबात मान्य नाही. चिंपांझीत ते काहींतच आणि आजाराच्या सोबतीने दिसलं, गाईत ते नेहमीचंच आहे. चिंपांझीतही हाडामुळे आजार की आजारामुळे हाड, हे त्या स्कॅनवरून ठरत नाही.