आल्फ्रिस्टनचे पाद्रीघर: ओक, धूर आणि आंबट दूध

इंग्लंडच्या ससेक्स परगण्यात, आल्फ्रिस्टन गावच्या सेंट अँड्र्यू चर्चशेजारी गवताने शाकारलेले एक चौदाव्या शतकातील घर आहे. गावच्या पाद्र्यांचे हे घर पुढे मजुरांच्या कुटुंबांकडे राहायला गेले आणि एकोणिसाव्या शतकात पाडले जाण्याच्या बेतात होते. 1896 मध्ये जुन्या वास्तू आणि निसर्गस्थळे जपणाऱ्या नॅशनल ट्रस्टने ते अवघ्या 10 पौंडांना विकत घेतले. या संस्थेने घेतलेली ही पहिली इमारत. मला वाटते, नंतरच्या रहिवाशांपाशी नवे बांधायला पैसा नव्हता, म्हणूनच मूळ रचना इतकी शाबूत राहिली.

या घराचा मध्यभाग म्हणजे जमिनीपासून छपरापर्यंत मोकळे असलेले एकच उंच दालन, आणि त्याच्या दोन्ही टोकांना दुमजली खोल्या. वरच्या खोल्या खालच्या भिंतींपेक्षा थोड्या पुढे आलेल्या असल्यामुळे, सलग छपराखाली मधली भिंत मागे सरल्यासारखी दिसते. अशा घरांत मुळात धुराडे नसे. चूल दालनाच्या मध्यावर, लाकडी भिंतींपासून दूर पेटत असे आणि धूर वर साचून गवतातून हळूहळू बाहेर झिरपत असे; काजळीने काळे पडलेले वासे आजही अभ्यासकांना मोकळ्या दालनाची खूण पटवतात.

सांगाडा ओकचा. ताजे ओक कापायला मऊ असते, पण वाळताना ते आडव्या दिशेने आकसते, आणि सुतारांनी या दोषाचाच उपयोग करून घेतला. एका लाकडाच्या खाचेत दुसऱ्याचे टोक बसवताना दोन्हींतील छिद्रे किंचित सरकवून पाडत. त्यांतून वाळलेली खुंटी ठोकली की सांधा आवळला जाई आणि लाकूड वाळेल तसा अधिकच घट्ट होई. खांबांमधल्या जागा काठ्यांच्या विणीवर माती, शेण आणि पेंढा लिंपून भरत. आपल्याकडचा कूड याहून फारसा वेगळा नाही.

सर्वांत विलक्षण आहे ती दालनातील जमीन. या टापूत विपुल मिळणारा खडूचा दगड कुटून, चोपून ती केलेली आहे आणि वरून आंबट दुधाने सारवलेली आहे. दुधातील आम्ल खडूतील थोडे कॅल्शियम मोकळे करते. ते केसिन या प्रथिनाशी जोडले गेले की पाण्यात सहज न विरघळणारा चिवट पदार्थ तयार होतो आणि तो खडूचे सुटे कण जखडून धरतो.