खरे ‘रॉ’ काजू म्हापशाच्या बाजारात मिळतात

पुण्याच्या मावसबहिणीने गेल्या आठवड्यात व्हॉट्सॲपवर एका पाकिटाचा फोटो पाठवला. मातकट कागदाचं देखणं पाकीट, किंमत पाहून माझे डोळे पांढरे झाले. वर छापलेलं: ‘रॉ काजू. न भाजलेले. जिवंत एन्झाइमयुक्त.’ आणि खाली ताईचा प्रश्न, ‘‘तू गोव्यातला, तुला माहीत असेल. हे जास्त पौष्टिक असतात का रे?’’

काजूच्या धंद्यात ‘रॉ’ म्हणजे साल काढल्यानंतर गर पुन्हा भाजलेला नाही, एवढंच. साल फोडण्याच्या आधी ती बी वाफेत शिजवलेली असते किंवा कढत तेलातून काढलेली असते. मग फोडून निघालेला गर ओव्हनमध्ये वाळवतात, तेव्हा कुठे त्याच्यावरचा पातळ तांबूस पापुद्रा सुटतो. एवढ्या आचेतून जी एन्झाइमं जिवंत राहतील त्यांना माझा दंडवत. आणि राहिलीच, तरी पोटात गेल्यावर तीही इतर प्रथिनांसारखी पचूनच जाणार. तेव्हा पाकिटावरच्या ‘जिवंत’ला काही अर्थ नाही.

पण मुळात ही आच लावतात कशासाठी? चवीसाठी नव्हे. काजूच्या सालीत एक काळपट तेल असतं, त्याच्यासाठी. हा लेख त्या तेलाबद्दल आहे.

आमचं आजोळ गोव्याच्या सत्तरी तालुक्यात. मे महिन्यात आम्ही पोरं परसात तीन दगडांची चूल मांडायचो, तळाला भोकं पाडलेला पत्र्याचा जुना डबा तिच्यावर ठेवायचो आणि त्यात सुक्या बिया ओतायचो. थोड्या वेळाने बिया फुसफुसू लागायच्या, सालीतून तेल उडायचं आणि डबा भक्कन पेटायचा. दाट, पिवळट, घशाला लागणारा धूर. वारा कुठल्या बाजूचा ते बघून उभं राहायचं, मग काठीने डबा उलटा करून बियांवर माती लोटायची, आणि गार झाल्या की दगडाने फोडून खायच्या. हात कोळशासारखे काळे व्हायचे. त्याच काळ्या हातांनी तोंड पुसायचं.

पहिल्या वर्षी मला काही झालं नाही. दुसऱ्या वर्षी झालं, पण त्या दिवशी नाही. दोन रात्री मजेत गेल्या आणि तिसऱ्या दिवशी सकाळी आरशात बघतो तर वरचा ओठ सुजून नाकाला भिडलेला, गालावर बारीक पाण्याचे फोड. आजी म्हणाली, ‘‘चीक लागला. ॲसिड असतं त्यात, भाजतं.’’ मग खोबरेल. आमच्याकडे आजही बहुतेक लोक हेच सांगतात: काजूच्या तेलात ॲसिड असतं म्हणून ते भाजतं.

ॲसिड असतं हे खरं. पण ॲसिड अंगावर सांडलं तर माणूस तिथल्या तिथे बोंबलतो, तिसऱ्या दिवसाची वाट बघत नाही. आणि पहिल्या वर्षी मला सोडून त्याने दुसऱ्या वर्षी का गाठावं?

आधी बी कशी असते ते पाहू. बोंडू हे काजूचं खरं फळ नव्हे, तो फुगलेला देठ आहे. खरं फळ म्हणजे खाली लोंबणारी बी. तिची साल दुहेरी असते. बाहेर एक चिवट थर, आत एक टणक थर, आणि दोघांच्या मध्ये मधमाश्यांच्या पोळ्यासारखी जाळी. त्या जाळीच्या घरांमध्ये हे तेल भरलेलं असतं, सालीच्या वजनाच्या साधारण चौथा हिस्सा. गरापर्यंत पोचायला किड्याला किंवा खारीला या पोळ्यातून जावं लागतं. झाडाने आपल्या पोराभोवती खंदक खणलाय म्हणा ना.

काजूच्या कारखानदाराला हे तेल म्हणजे उपउत्पादन, म्हणजे गर काढताना नाइलाजाने निघणारी वस्तू. पण उपउत्पादन कशाला म्हणायचं ते बघणाऱ्यावर अवलंबून असतं. बहुतेक काजूच्या मुलखात बोंडू झाडाखाली कुजतो, कारण तिथे बी महत्त्वाची. आमच्याकडे बोंडू तुडवून रस काढतात, रस आंबवतात, भाटीवर चढवतात. पहिल्या धारेचा हुर्राक, तो पुन्हा ऊर्ध्वपातित केला की फेणी. आणि ज्या यीस्टच्या जिवावर हे सगळं चालतं तिच्या दृष्टीने अल्कोहोल ही सांडपाण्याची बाब आहे. साखरेच्या एका रेणूतून तिला जगण्यापुरती थोडी ऊर्जा मिळते आणि अल्कोहोलचे दोन व कार्बन डायऑक्साइडचे दोन रेणू ती बाहेर टाकते. सांडपाणी फार साचलं की त्यातच ती गुदमरते. फेणीला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळालं ते या सांडपाण्यासाठी. असो, फेणीवर लिहू लागलो तर तेल राहूनच जाईल.

तेलातला मुख्य पदार्थ ॲनाकार्डिक आम्ल. नाव अवघड आहे, पण आकार डोळ्यांसमोर आणायला सोपा. ॲस्पिरिनचा मूळपुरुष सॅलिसिलिक आम्ल आठवा: सहा कार्बनचं एक कडं, त्याला एक ओएच (ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी) आणि एक आम्लाचा गट चिकटलेला. या कड्याला पंधरा कार्बनची लांब शेपटी जोडा. झालं ॲनाकार्डिक आम्ल. शेपटी तेलासारखी, डोकं पाण्याशी जमवून घेणारं. तेलात याची दोन भावंडंही असतात. कार्डानॉल, म्हणजे आम्लाचा गट नसलेलं, आणि कार्डोल, म्हणजे कड्यावर दोन ओएच असलेलं. दोघांची शेपटी तीच, पंधरा कार्बनची.

ही शेपटी सगळ्या भानगडीचं मूळ. आपल्या कातडीचा सगळ्यात वरचा थर म्हणजे मेलेल्या पेशींच्या विटा आणि मध्ये चरबीचा गिलावा. पाण्यात विरघळणारे पदार्थ या भिंतीवर अडतात. लांब तेलकट शेपटीचा छोटा रेणू मात्र गिलाव्यातूनच आत सरकतो. जाडेभरडे रेणू सहसा अडतात, हा जेमतेम साडेतीनशे डाल्टनचा (डाल्टन म्हणजे रेणूचं वजन मोजायचं माप), म्हणून आरामात जातो.

आता गंमत अशी की इतका छोटा रेणू आपल्या रोगप्रतिकारक यंत्रणेला दिसतच नाही. तिची नजर प्रथिनांवर असते, म्हणजे हजारो डाल्टनच्या धेंडांवर. हा चिलट. तो दिसायचा तर कुणाच्या तरी अंगावर बसायला हवा, आणि तेच घडतं. याचे जे नातेवाईक सर्वांत जास्त अभ्यासले गेले आहेत (अमेरिकेतली पॉयझन आयव्ही नावाची वेल, आपला बिब्बा) त्यांच्या रेणूत दोन ओएच शेजारी-शेजारी असतात. कातडीत शिरल्यावर त्यांचं ऑक्सिडीकरण होऊन क्विनोन बनतं. क्विनोन फार लोचट. प्रथिनांमध्ये जिथे गंधकाचा अणू असलेलं सिस्टिन हे अमिनो आम्ल असतं तिथे जाऊन ते घट्ट चिकटतं, असं की सुटता सुटत नाही. आता ते प्रथिन तुमचं घरचंच, पण त्याच्या अंगाला परका पुंजका चिकटलेला. दुसऱ्याच्या अंगाला चिकटल्यावरच नजरेत येणाऱ्या अशा छोट्या रेणूला हॅप्टेन म्हणतात.

कातडीत लँगरहान्स पेशी नावाच्या पहारेकरी पेशी असतात. त्या हे बाटलेलं प्रथिन उचलतात, त्याचे तुकडे करतात आणि लिम्फ गाठीत नेऊन टी पेशींना, म्हणजे परकं ओळखणाऱ्या पांढऱ्या पेशींना, दाखवतात. लाखो टी पेशींपैकी एखाद-दुसरीला तो तुकडा बरोब्बर ओळखू येतो. मग ती वाढू लागते, तिच्या प्रती निघतात, आणि त्यातल्या काही ‘स्मृती’ पेशी होऊन वर्षानुवर्षं शरीरात फिरत राहतात. या सगळ्याला एक-दोन आठवडे लागतात. तोवर कातडीवरचा माल झडून गेलेला असतो, म्हणून बाहेर काहीच दिसत नाही. माझं पहिलं वर्ष ते हेच.

दुसऱ्या वर्षी तोच रेणू आला तेव्हा ओळखणारे तयार बसलेले. तरीसुद्धा त्यांना जागेवर पोचायला, एकमेकांना रासायनिक हाका घालायला, ज्या पेशींवर पुंजका चिकटलाय त्या मारायला एक ते तीन दिवस जातात. म्हणून तिसऱ्या दिवशी ओठ. तेलाने ओठ भाजला नव्हता, माझ्याच टी पेशींनी फोडला होता. (शुद्ध तेल कातडीवर तसंच राहू दिलं तर ते थेटही जखम करतं, हे नाकारत नाही. पण पोरांच्या तोंडावर उठतं ते बहुतेक दुसऱ्या प्रकारचं.) यातून आणखी एक समज मोडतो. फोडातलं पाणी लागून पुरळ पसरतं म्हणतात, तसं होत नाही. त्या पाण्यात तेल नसतं. कुठे तेल कमी लागलं, कुठे कातडी जाड, म्हणून काही ठिकाणी उशिरा उठतं एवढंच. आणि खोबरेल लावून उपयोग नाही. उपयोग साबणाचा, तोही तेल लागल्यावर लगेच.

इथपर्यंत टिकलात त्यांना बक्षीस म्हणून एक गोष्ट. दुसऱ्या महायुद्धात भारतात आलेल्या अमेरिकी सैनिकांच्या मानेवर, कमरेवर गोल-गोल चट्टे उठू लागले. कारण निघालं धोब्याचा बिब्बा. आपले धोबी कपड्यावर खूण करायला बिब्ब्याचं तेल वापरायचे, आणि ती खूण जिथे अंगाला टेकेल तिथे चट्टा. पण हे सैनिक तर पहिल्यांदाच भारतात आलेले, मग पहिल्याच भेटीत चट्टे कसे? कारण त्यांची पहिली भेट लहानपणी घरामागच्या पॉयझन आयव्हीशी झालेली होती. टी पेशीला झाडाचं नाव कळत नाही, तिला कडं आणि शेपटी कळते. १९८२ साली पेनसिल्व्हानियात मुलांच्या बेसबॉल संघटनेने निधीसाठी काजूची पाकिटं विकली. त्यात सालीचे तुकडे राहून गेले होते, आणि ते खाऊन पन्नासहून अधिक लोकांच्या अंगावर पुरळ उठलं. तिथेही दोष जुन्या आयव्हीचाच. काजू, बिब्बा, आंबा, आयव्ही, जपानी लाखेचं झाड ही सगळी एकाच कुळातली मंडळी. काहींना आंब्याच्या चिकाने ओठाला चीर पडते, तेही याच घराण्याचं देणं.

सारस्वतांच्या स्वयंपाकघरात ओल्या काजूला बिब्बो म्हणतात. शब्दाची व्युत्पत्ती काय असेल ती भाषातज्ज्ञ सांगतील, पण मराठीतला बिब्बा आणि हा बिब्बो रसायनाने चुलतभाऊ आहेत, हे मात्र पक्कं. आणि दर शनिवारी लिंबू-मिरचीबरोबर जो बिब्बा गाडीला टांगतात, त्याने दृष्ट उतरत असेल तर टांगणाऱ्याच्या बोटांना त्रास व्हायचं कारण नव्हतं. तो बिब्बा बाधतो तो ओवणाऱ्याला.

आता कारखान्याकडे. तेलाला साधारण दोनशे अंशांची धग दिली की ॲनाकार्डिक आम्लाचा आम्लगट कार्बन डायऑक्साइड होऊन उडून जातो आणि मागे कार्डानॉल उरतं. जुन्या पद्धतीत काजूच्याच कढत तेलात बिया बुडवायचे, त्यामुळे तेल निघतानाच बदललेलं असायचं. हे कार्डानॉल फॉर्मल्डिहाइडबरोबर जोडून जी राळ बनते ती गाड्यांच्या ब्रेकच्या अस्तरात घालतात. लांब शेपट्यांमुळे ती ठिसूळ होत नाही आणि घर्षणाची उष्णता सोसते. जहाजांच्या रंगात जे कठीणकारक वापरतात त्यातही हे असतं, कारण ते दमट हवेतही सुकतं. म्हणजे किड्याला अडवायला झाडाने केलेली वस्तू पणजीच्या उतारावर तुमची स्कूटर थांबवत असेल.

वाफेच्या पद्धतीत हे घडत नाही. वाफ साल मऊ करते, पण तेलाला तेवढी धग लागत नाही, म्हणून तेल आपल्या मूळ स्वभावासकट सालीतच राहतं. मग पायाने दाबायच्या कातरीवर बसून ती साल फोडणाऱ्या बायका हाताला एरंडेल किंवा राख चोळतात. हातमोजे घातले तर बोटांना बीचा अंदाज येत नाही, असं म्हणतात. तेल काढून उरलेली साल जळण म्हणून विकली जाते, आणि नीट न जळलेल्या सालीचा धूर माझ्या आजोळच्या डब्याचाच. आमच्या जवळच्या एका युनिटमधून तो संध्याकाळी खाली उतरतो तेव्हा आम्ही खिडक्या लावून घेतो. ‘नैसर्गिक जळण, प्रदूषण नाही’ असं मला तिथल्या मॅनेजरने सांगितलं होतं. बिब्बाही नैसर्गिकच.

ताईला मी लिहिलं की पाकीट परत कर, आणि खरेच रॉ काजू पाहिजे असतील तर बिया ओल्या असतात त्या दिवसांत ये, म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात जाऊ. तिथे ओले काजू मिळतात, ना वाफ, ना भट्टी, हाताने चिरून काढलेले पांढरे-हिरवट गर, उसळीसाठी. गरात हे चिकाचं तेल नसल्यासारखंच, ते जवळजवळ सगळं सालीत. परवा तिथे एका बाईकडून घेतले. मांडीवर फडकं, पुढ्यात विळा, आणि दोन्ही हातांची बोटं नखांपर्यंत काळी, अंगठ्याची कातडी पापुद्र्यांनी सुटलेली. घासलं तरी जात नाही, कारण रंग कातडीच्या थरात बसलेला असतो. खालची नवी कातडी वर येऊन जुनी झडेपर्यंत, म्हणजे काही आठवडे तरी, तो राहतो. तोवर नव्या बिया. मी विचारलं, हे कधी जातं? ती हिशेबाचे पैसे मोजत म्हणाली, ‘‘पयलो पावस पडटकच वतलें.’’