वाढत्या करडांचा आहार : तंतू आणि पिष्ट यांचा मेळ (गोवा)

करडाचे दूध तुटल्यापासून, म्हणजे साधारण तिसऱ्या महिन्यापासून, ते वर्षाचे होईपर्यंत त्याच्या खाद्यात पाला-चाऱ्यातील तंतुमय भाग आणि धान्य-खुराकातील पिष्टमय भाग यांचा मेळ राखावा लागतो. खरे तर दोन्ही कर्बोदकेच. फरक आहे तो पचनाच्या वेगाचा. कोठीपोटातील (रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटाचा पहिला, मोठा कप्पा) सूक्ष्मजीव पिष्टाचा फडशा काही तासांत पाडतात, तंतूंना मात्र एक-दोन दिवस लागतात. तंतूंपासून मुख्यतः अ‍ॅसिटिक आम्ल तयार होते. पिष्टापासून प्रोपिऑनिक आम्लाचे प्रमाण वाढते, त्यातून यकृत ग्लुकोज बनवते आणि करडू अंग धरते. त्यामुळे खुराक वाढवण्याचा मोह होतो. पण पिष्ट एकदम जास्त गेले, की लॅक्टिक आम्ल साचते, कोठीपोटाचा एरवी 6 ते 7 असणारा सामू (pH; तो उतरला की आम्लता वाढली) 5.5 च्या खाली उतरतो, करडू रवंथ सोडते आणि पातळ हगू लागते. याच ओघात आंत्रविषाराचे (आतड्यात विष तयार होणारा रोग) जंतू फोफावले, तर धट्टेकट्टे करडूही एका रात्रीत दगावते.

गोव्यात पिष्टाची ददात नाही, आणि अडचण तिथेच आहे. घरचा शिळा भात, पेज, पोदेराकडचे (पाववाल्याकडचे) उरलेले पाव, लग्नातले उरलेसुरले अन्न हे सारे फुकटात मिळते. शिजलेले किंवा भाजलेले पिष्ट कच्च्या धान्यापेक्षाही लवकर आंबते. एखादी मूठ चालते, बादलीभर नाही. फेणीसाठी रस काढून उरलेला काजूच्या बोंडूंचा चोथा मार्च ते मे या काळात मिळतो. त्यात साखर उरलेली असते, टॅनिन हे तुरट द्रव्यही असते. तो वाळवून, थोड्या प्रमाणात, इतर खाद्यात मिसळून द्यावा.

तंतूंची बाजू जरा फसवी आहे. लहान गिरणीतल्या भाताच्या कोंड्यात तुसाचे कण मिसळलेले असतात. तंतूंचा आकडा मोठा दिसतो, पण त्यातले सिलिका आणि लिग्निन पचत नाही. शिवाय बारीक दळलेल्या तंतूंमुळे रवंथ होत नाही. रवंथ नाही तर लाळ कमी, आणि लाळेतला बायकार्बोनेट कमी पडला तर आम्ल मारायला दुसरे फारसे काही नसते. म्हणून चारा दोन-तीन सेंटिमीटरपेक्षा बारीक करू नये. भाताच्या पेंढ्यात प्रथिने जेमतेम 3–4 टक्के, तेव्हा तो पोट भरण्यापुरता. खरा आधार झाडपाल्याचा : फणस, गिरिपुष्प, शेवरी, बेताने सुबाभूळ (त्यात मिमोसीन हे विषारी द्रव्य असते). शेळी मुळात गवतापेक्षा पाला ओरबाडणारी, त्यामुळे फांद्या उंचावर टांगल्या की खाणेही वाढते आणि पाला तुडवून वायाही जात नाही.

पंधरा किलोच्या करडाला वजनाच्या सुमारे 4 टक्के, म्हणजे 600 ग्रॅम शुष्क पदार्थ (खाद्यातले पाणी वगळून उरणारा भाग) लागतो. चारा आणि खुराक 60:40 धरले, तर साधारण सव्वा किलो ओला पाला आणि 260–270 ग्रॅम खुराक होतो. खुराक दोन वेळा विभागून, पाला खाऊन झाल्यावर द्यावा. वाढवायचा असेल तर दोन-तीन आठवडे घेऊन हळूहळू. खुराकात मका असावा, पण काही भाग खोबऱ्याच्या पेंडीचा ठेवणे शहाणपणाचे : तिच्यात पिष्ट कमी, पचणारे तंतू बरेच आणि प्रथिने वीस टक्क्यांच्या आसपास. मात्र पावसाळ्याच्या दमट हवेत पेंड लवकर खवट होते आणि बुरशीही धरते, म्हणून जून ते सप्टेंबर साठा थोडाच करावा.

याच दिवसांत कोवळे गवत भरपूर असते, पण ते बहुतांशी पाणीच. सत्तरी-सांग्याच्या डोंगरउतारावर करडे दिवसभर चरूनही संध्याकाळी लेंड्या सैल पडतात. चरायला सोडण्याआधी मूठभर कोरडा पेंढा घातला तर फरक दिसतो.

नर करडांबाबत आणखी एक खबरदारी. कोंड्यात फॉस्फरस जास्त असतो. कोंडा-धान्यावरच वाढवलेल्या, विशेषतः लवकर खच्ची केलेल्या बोकडांना मूतखडा होतो. कॅल्शियम-फॉस्फरसचे प्रमाण 2:1 राहील इतपत खडूची भुकटी किंवा खनिज मिश्रण खुराकात घालावे आणि पिण्याचे स्वच्छ पाणी कायम समोर असावे. बोकड कुंथत असेल आणि लघवी थेंबथेंब होत असेल, तर त्याच दिवशी पशुवैद्याला दाखवावे.