कवडी

कवडी : मृदुकाय संघाच्या उदरपाद वर्गातील सायप्रीइडी कुलातली सागरी गोगलगाय आणि तिचा शंख. संस्कृतात कपर्दिका, वराटक. कुलात सुमारे २५० जाती असून बहुतेक हिंदी व प्रशांत महासागरांच्या उष्ण भागात, प्रवाळखडकांच्या आसपास राहतात. देवीच्या भक्तांच्या परडीत (जोगव्याच्या टोपलीत) दिसणारी २-३ सेंमी.ची पिवळट कवडी म्हणजे मोनेटेरिया मोनेटा. सायप्रीआ टायग्रिस मुठीएवढी होते. नावात वाघ असला तरी अंगावर पट्टे नसतात, ठिपके असतात.

पिलाचा शंख पातळ, टोकाला वेटोळे दिसणारा. तो कवडीचा आहे हे नवख्याला ओळखूही येत नाही. वाढ पुरी होताना बाहेरचा ओठ आत वळतो, तोंडाची फट होते आणि दोन्ही काठांना दात येतात. यापुढे शंख लांबीने वाढत नाही, फक्त जाड होतो. म्हणून दात असलेली लहान कवडी म्हणजे पिलू नव्हे. तोंड झाकायला झाकण नसते.

चकाकी येते ती प्रावारामुळे, म्हणजे प्राण्याच्या अंगावरील मऊ त्वचेच्या घडीमुळे. त्याच्या दोन पाळ्या फटीतून बाहेर येऊन शंखाची पाठ झाकतात आणि तिच्यावर थरामागून थर चढवतात. पाळ्या जिथे भेटतात तिथे अनेकदा फिकट रेघ उरते. प्राणी मेला की हे काम थांबते. लाटांत घासलेली कवडी म्हणूनच निस्तेज असते. तेलाचा हात फिरवला तर तात्पुरती उजळते, इतकेच. शंख चुन्याचा, त्यामुळे लिंबू, व्हिनेगर किंवा फरशीचे ॲसिड लावले की मुलामा खाल्ला जातो. उकळत्या पाण्यात टाकली तर तडे जातात. आत मांस राहिले असेल तर साध्या पाण्यात भिजवून पाणी रोज बदलावे. कुजलेला रस पाठीवर साचला तर तिथे कायमचा डाग पडतो.

चलनासाठीच्या कवड्यांचे मोठे आगर मालदीव. समुद्रातून काढून मांस नाहीसे होईपर्यंत त्या किनाऱ्यावर खड्ड्यांत पुरत, हे प्रवासी इब्न बतूताने १४ व्या शतकात नोंदवले आहे. भास्कराचार्यांच्या लीलावती या गणितग्रंथातले नाण्यांचे कोष्टक असे : २० वराटकांची काकिणी, ४ काकिणींचा पण, १६ पणांचा द्रम्म, म्हणजे द्रम्माला १,२८० कवड्या. १८ व्या शतकाच्या अखेरीस सिल्हेटचा (आता बांगलादेशात) सरकारी महसूल कवड्यांतच येई, तेव्हा रुपयाला ५,१२० पडत, बरोबर चौपट. ‘कवडीमोल’ म्हणजे किती, ते यावरून कळावे.

तुळजाभवानीच्या आराध्यांच्या (देवीची सेवा करणाऱ्या भक्तांच्या) माळेसाठी कवडी ओवायची तर पाठीचा फुगीर भाग ओल्या दगडावर हळूहळू घासून उघडतात. हातोडीने ठोकली तर भोक पडण्याआधी दातांची कड फुटते, आणि फुटकी कवडी माळेत चालत नाही.