अंगणवाडी, पाळणाघर आणि शाळा सुटल्यानंतरचे तास : खर्चाच्या वाटणीची पार्श्वभूमी

अंगणवाडीतच दिवसभराचे पाळणाघर चालवण्याची योजना २०२२ पासून 'पाळणा' या नव्या नावाने सुरू आहे. तिचा खर्च बहुतेक राज्यांत केंद्राने ६० टक्के आणि राज्याने ४० टक्के उचलायचा आहे. महाराष्ट्रात या पाळणाघरांची चर्चा निघते तेव्हा जागा, वेळ, सेविकांवरचे जादा काम यांवर बरेच बोलले जाते. ६०-४० हे प्रमाण मात्र कायमच असे होते, असे गृहीत धरले जाते. ते तसे नव्हते. फार जुनेही नाही. सेविकांचे थकणारे मानधन, बंद पडलेली पाळणाघरे, शाळा सुटल्यानंतर मुलांना जायला जागा नसणे, या सगळ्याच्या मुळाशी हे प्रमाण आणि त्याआधीची प्रमाणे आहेत.

फार मागे जायचे तर बोर्डी-कोसबाडच्या परिसरात स्वातंत्र्याच्या आगेमागे आदिवासी पाड्यांवर झालेल्या बालशिक्षणाच्या कामापासून सुरुवात करावी लागेल. मुलांच्या अंगणात जाऊन बालवाडी भरवायची, ही त्या कामातली कल्पना पुढे देशभर गेली. तिच्यासोबत पैशाची व्यवस्था मात्र गेली नाही. ते काम देणग्या, तुटपुंजे अनुदान आणि कार्यकर्त्यांच्या त्यागावर उभे होते. लहान मुलांचे काम म्हणजे अर्धी सेवा, ही समजूत तेव्हापासून सरकारी हिशेबात शिरली ती आजतागायत निघालेली नाही.

दुसरी वाट कामगार कायद्यांची. १९४८ च्या कारखाने अधिनियमाने पन्नासहून अधिक स्त्रिया कामाला असतील तिथे सहा वर्षांखालील मुलांसाठी पाळणाघर सक्तीचे केले. १९७६ च्या दुरुस्तीने ही मर्यादा तीसवर आणली. चहामळे, विडी उद्योग, कंत्राटी कामगार आणि १९९६ मध्ये बांधकाम कामगार, प्रत्येकाच्या कायद्यात अशीच तरतूद आली. खर्च मालकाचा, सरकारच्या तिजोरीवर भार नाही. दिसायला हे चोख आहे. पण मोजणी स्त्रियांची होती आणि इथेच घोटाळा झाला. तीस ओलांडले की पाळणाघर काढावे लागणार असेल, तर मालक हजेरीपटावर स्त्रियांची संख्या तिसाच्या आत ठेवतो किंवा दोन कंत्राटदारांत वाटून टाकतो. मुलाच्या संगोपनाचा खर्च अशा रीतीने आईच्या नोकरीवरच बसला. २०१७ मध्ये मातृत्व लाभ कायद्यात दुरुस्ती झाली तेव्हा मोजणी एकूण कर्मचाऱ्यांची झाली. पन्नास किंवा अधिक कर्मचारी असतील, तर पाळणाघराची सोय आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाण्याची मुभा. हा बदल योग्यच होता, फक्त जवळजवळ सत्तर वर्षे उशिरा झाला. घरकामगार, शेतमजूर, फेरीवाल्या बायका यांच्यापर्यंत तो पोहोचत नाही, कारण त्यांचा हजेरीपटच नसतो.

आजच्या व्यवस्थेचा पाया १९७५ चा. २ ऑक्टोबरला ३३ प्रकल्पांतून एकात्मिक बालविकास सेवा योजना, म्हणजेच अंगणवाडी योजना, सुरू झाली. सेविका, पर्यवेक्षिका, कार्यालये, प्रशिक्षण हा खर्च केंद्राचा आणि पूरक पोषण आहाराचा खर्च राज्याचा, अशी वाटणी ठरली. म्हणजे मुलाच्या ताटातला घास राज्याच्या तिजोरीवर. ज्या राज्यांत कुपोषण सर्वाधिक, त्यांचीच तिजोरी बहुधा सर्वांत रिकामी. त्यामुळे कित्येक वर्षे अंगणवाडी उघडी, सेविका हजर आणि आहार नाही, असे चित्र अनेक ठिकाणी राहिले. त्याच सुमारास नोकरदार आणि आजारी मातांच्या मुलांसाठी पाळणाघरांची वेगळी केंद्रीय योजना आली. ती स्वयंसेवी संस्थांमार्फत चालायची. दोन्ही योजनांची मुले तीच, वस्त्या त्याच, पण खर्चाची शीर्षे, म्हणजे अर्थसंकल्पातली खाती, वेगळी. पाळणाघर हे कायम धाकटे भावंड राहिले.

पहिला मोठा धक्का न्यायालयातून मिळाला. अन्नाच्या हक्काच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २००१ मध्ये प्रत्येक वस्तीला अंगणवाडी देण्याचा आदेश दिला आणि डिसेंबर २००६ मध्ये देशभरात १४ लाख अंगणवाड्यांचे लक्ष्य व मुदत घालून दिली. वाढत्या संख्येला आहार पुरवायचा तर राज्यांना ते पेलणार नव्हते, म्हणून २००५-०६ पासून केंद्र आहाराचा निम्मा खर्च देऊ लागले. २००९-१० मध्ये बाकी खर्चाचे प्रमाण ९०-१० असे झाले. आहारासाठी ५०-५०, इतर सगळ्यासाठी ९०-१०. हा काळ या योजनेच्या दृष्टीने सर्वांत स्थिर होता, असे मला वाटते. राज्याला दहा रुपये घातले की नव्वद येत होते. मग कुठलाही वित्त सचिव तो प्रस्ताव अडवत नव्हता.

मग २०१५ उजाडले. या एका वर्षातल्या निर्णयावर अजून एकमत नाही आणि त्याचे परिणाम अजून फिटलेले नाहीत, म्हणून इथे थोडे थांबायला हवे.

केंद्र आणि राज्यांतली करांची वाटणी सुचवणाऱ्या चौदाव्या वित्त आयोगाने वाटप करायच्या केंद्रीय करांतला राज्यांचा हिस्सा ३२ टक्क्यांवरून ४२ टक्के करण्याची शिफारस केली आणि केंद्राने ती स्वीकारली. राज्यांची जुनी मागणी होती की दिल्लीने योजनांच्या अटींसह पैसे देण्यापेक्षा मोकळे पैसे द्यावेत, काय करायचे ते आम्ही ठरवू. त्या अर्थाने हा विजय होता. पण त्याच फेब्रुवारीतल्या अर्थसंकल्पात केंद्रपुरस्कृत, म्हणजे केंद्र आणि राज्य मिळून खर्च उचलतात अशा, योजनांच्या तरतुदी कापल्या गेल्या. आदल्या वर्षी अंगणवाडी योजनेला सुमारे १८ हजार कोटी रुपये होते. ते एका झटक्यात निम्म्याहून खाली आले. पुढे वर्षभरात गदारोळ झाल्यावर पुरवण्या देऊन रक्कम पुष्कळशी वाढवावी लागली. वर्षअखेरीपर्यंत नीती आयोगाने नेमलेल्या मुख्यमंत्र्यांच्या उपगटाच्या शिफारशीनुसार मुख्य योजनांसाठी ६०-४० ठरले. ईशान्य आणि हिमालयीन राज्यांना ९०-१० ची सवलत राहिली, आहाराचे ५०-५० तसेच राहिले. नियमित पदांच्या पगारातला केंद्राचा वाटा तर पुढे २५ टक्क्यांपर्यंत खाली आला.

निर्णयाच्या बाजूचा युक्तिवाद हलका नाही. एकूण हस्तांतरण कमी झालेले नाही, फक्त त्याचा मार्ग बदलला, असे समर्थक म्हणतात. ज्या राज्याला बालसंगोपन महत्त्वाचे वाटते त्याने वाढीव हिश्श्यातून ते करावे, तमिळनाडूसारखी राज्ये करतातच. दिल्लीत बसून प्रत्येक पाड्याचा दरपत्रक ठरवणे चूक आहे, हेही खरे.

तरीही मला हा युक्तिवाद तीन ठिकाणी कच्चा वाटतो. एक, ४२ टक्के हा हिस्सा वाटपयोग्य करांतला. उपकर आणि अधिभार त्या वाटपात येत नाहीत आणि नंतरच्या वर्षांत केंद्राच्या वसुलीतले त्यांचे प्रमाण वाढत गेले. दोन, मोकळा पैसा मोकळाच असतो. त्याच्यावर रस्ते, कर्जमाफी, पगार, पाणीपुरवठा या सगळ्यांचा दावा असतो आणि तीन वर्षांच्या मुलाला मत नसते. तीन, प्रमाण बदलले की फक्त आकडे बदलत नाहीत, पैशाचा वेगही बदलतो. राज्याने आपला ४० टक्के हिस्सा टाकल्याशिवाय आणि मागच्या रकमेचे उपयोगिता प्रमाणपत्र दिल्याशिवाय पुढचा हप्ता निघत नाही. दहा टक्के टाकणे सोपे होते, चाळीस टाकायला पुरवणी मागणी, मंजुरी, बीडीएस (निधी वितरणाची संगणकीय प्रणाली) असे सगळे टप्पे लागतात. त्या टप्प्यांच्या दरम्यान सेविकेचे दोन-तीन महिन्यांचे मानधन थकते. किराणा दुकानदाराचे उधार फेडायला ती सेविका आयोगाचा अहवाल दाखवू शकत नाही.

पाळणाघरांच्या बाबतीत हाच निर्णय जास्त जीवघेणा ठरला. १९९४ च्या राष्ट्रीय पाळणाघर निधीतून चालणारी पाळणाघरे आणि नोकरदार मातांच्या मुलांसाठीची मूळ योजना यांचे २००६ मध्ये एकत्रीकरण झाले होते. तेव्हा केंद्र ९० टक्के आणि संस्था १० टक्के, राज्य मध्ये नव्हतेच. पंचवीस मुलांच्या पाळणाघरातल्या दोन ताईंना मिळून महिना २००० रुपये! १ जानेवारी २०१७ पासून ही योजना राज्यांकडे देऊन केंद्र, राज्य आणि संस्था यांच्यात ६०-३०-१० अशी विभागणी झाली. मानधन वाढवून सेविकेला ३००० आणि मदतनीसाला १५०० केले गेले, पालकांकडून महिना २० ते २०० रुपये शुल्क घ्यायचे ठरले, वेळ रोज साडेसात तास, महिन्याला २६ दिवस. कागदावर सुधारणाच. पण ज्या राज्यांनी या योजनेत कधी रुपयाही घातला नव्हता, त्यांना अचानक ३० टक्के द्यायचे होते. काहींनी तरतूद केली नाही, काहींनी उशिरा केली. छोट्या संस्था महिनोन्महिने स्वतःच्या गंगाजळीतून चालवत राहिल्या आणि मग कुलपे लागली. देशभरात वीस हजारांहून अधिक असलेली पाळणाघरे काही वर्षांत सात हजारांच्या आत आली. इतक्या झपाट्याने आक्रसलेली दुसरी बालयोजना मला माहीत नाही. आजची अंगणवाडी-पाळणाघर योजना या पडझडीवर उभी आहे. तिच्यातून संस्थेचा दहा टक्क्यांचा वाटा गेला आणि राज्याचा ४० झाला.

मानधनाचा मुद्दा याला लागूनच येतो. केंद्राने सेविकेची रक्कम २०११ मध्ये ३००० आणि २०१८ मध्ये ४५०० केली. त्यानंतरची वाढ राज्ये आपापल्या ऐपतीने देत आली. महाराष्ट्रात २०२३ मध्ये सेविकेचे मानधन १० हजार आणि मदतनीसाचे ५५०० झाले, त्याच वर्षाच्या डिसेंबरात संप झाला. ग्रॅच्युइटीचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२२ मध्ये मान्य केला. राज्यांची भर जितकी मोठी होत जाते, तितका केंद्राचा वाटा प्रत्यक्षात साठ टक्क्यांपेक्षा खाली सरकतो. शासन निर्णयात हे प्रमाण कुठेच लिहिलेले दिसत नाही.

आणखी एक रेषा २००२ च्या घटनादुरुस्तीने आखली. सहा ते चौदा वयाला शिक्षणाचा मूलभूत हक्क मिळाला. सहाखालच्यांसाठी राज्य 'प्रयत्न करील' एवढेच राहिले. २००४ पासून दोन टक्के शिक्षण उपकर गोळा झाला, तो प्राथमिक शिक्षण आणि मध्यान्ह भोजनाला गेला. बांधकाम खर्चावरचा एक टक्का उपकर कामगार कल्याण मंडळांकडे जमतो, त्यातले हजारो कोटी पडून राहिल्यावर न्यायालयाने ताशेरे ओढले. बांधकामाच्या साइटवर वाळूच्या ढिगाशेजारी झोपलेल्या मुलांसाठी हा पैसा सर्वांत जवळचा होता. त्यातून पाळणाघरे फारच थोडी उभी राहिली. २००५ च्या रोजगार हमी कायद्याने मात्र वेगळा मार्ग दाखवला होता. कामावर सहा वर्षांखालची पाच किंवा अधिक मुले असतील, तर त्यांना सांभाळणाऱ्या बाईला मजुरीच्या दराने पैसे द्यायचे. सांभाळणे हे काम आहे आणि त्याची मजुरी आहे, हे कायद्यात इतक्या सरळ क्वचितच आले असेल. अंमल जेमतेम झाला.

शाळा सुटल्यानंतरच्या तासांना तर खर्चाचे शीर्षच नाही. मोफत शिक्षणाच्या कायद्यात पहिली ते पाचवीसाठी वर्षाला २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन सांगितले आहे, म्हणजे दिवसाला चार तास. आईची पाळी आठ तासांची. अंगणवाडी आणि पाळणाघरे दोन्ही सहा वर्षांवर संपतात. त्यापुढच्या मुलाचा सांभाळ शहरात महिन्याची फी भरून विकत घ्यावा लागतो आणि वस्तीत थोरली बहीण तो फुकट करते. ऊसतोड मजुरांच्या मुलांसाठीची हंगामी वसतिगृहे हा महाराष्ट्रातला त्यातल्या त्यात जवळचा सरकारी प्रयोग. त्याचा पैसा मुले शाळेतून गळू नयेत म्हणून शिक्षण योजनेतून येतो, सांभाळ हा त्याचा जोडफायदा. २०१८ मध्ये पूर्वप्राथमिक ते बारावी अशी एकच शिक्षण योजना झाली, तरी तिच्यातही दुपारनंतरच्या तासांसाठी स्वतंत्र रक्कम आली नाही.

कर्नाटकाने २०२३ पासून ग्रामपंचायतींमार्फत पाळणाघरे उघडायला घेतली.  सोळाव्या वित्त आयोगाचा काळ एप्रिल २०२६ पासून सुरू होतो.